लामालेरा: शेती नसलेल्या गावाची मालमत्ता

किनाऱ्यावर स्पर्म व्हेल ओढून आणला की लामालेरात सुरी पहिल्यांदा चालते ती कापायला नाही, खुणा करायला. होडीचा कारभारी आणि दोन-चार जाणती माणसं त्या काळपट, सुरकुतलेल्या कातडीवर उथळ चरे ओढत जातात. शेताची मोजणी करताना हद्दीच्या खुणा घालतात तसे. कुठल्या चऱ्यापासून कुठल्या चऱ्यापर्यंत कोणाचं, हे तिथं जमलेल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत असतं. तरीही चरे आधी ओढायचे आणि सगळ्यांनी ते बघायचे. कापणी सुरू होते ती त्यानंतर.

लामालेरा हे इंडोनेशियातल्या लेम्बाता बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, सावू समुद्राकडे तोंड करून बसलेलं गाव. वस्ती साधारण दोन हजारांची. प्रांत पूर्व नुसा तेंगारा, तालुका वुलांडोनी. लेम्बाता १९९९ मध्ये पूर्व फ्लोरेसपासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला आणि जिल्ह्याचं गाव ठरलं उत्तरेकडचं लेवोलेबा. गावाचे दोन भाग आहेत, वरचा आणि किनाऱ्यालगतचा. कागदोपत्रीही त्यांची ‘लामालेरा अ’ आणि ‘लामालेरा ब’ अशी दोन गावं आहेत. मागं लाबालेकांग हा ज्वालामुखी, पुढं खोल समुद्र, आणि मधल्या उतारावर घरं. शेतीजोगी सपाट जमीन जवळजवळ नाहीच.

जिथं जमीन पिकत नाही तिथं मालमत्ता म्हणजे नेमकं काय? लामालेरानं या प्रश्नाचं फार तपशीलवार उत्तर तयार केलं आहे. इथं वस्तूपेक्षा वाटा मोठा. व्हेल कोणाच्याच मालकीचा नसतो, पण त्याचा प्रत्येक तुकडा आधीच कोणाचा तरी असतो. होडीवर लागलेल्या इंजिनानं या उत्तराला कुठं धक्का दिला, हाही या प्रकरणाचाच भाग आहे.

जमीन कोणाची, समुद्र कोणाचा

आजची बहुतेक कुळं बाहेरून आलेली. त्यांच्या मौखिक इतिहासात सुलावेसीपासून पूर्वेकडे आणि मग लापान-बातान या बुडालेल्या बेटावरून पळून इथं येईपर्यंतचा प्रवास येतो. १६२४ च्या एका निनावी पोर्तुगीज दस्तऐवजात या बेटांवरचे लोक तेलासाठी हार्पूननं, म्हणजे दोर बांधलेल्या भाल्यानं, व्हेल मारतात अशी नोंद आहे, म्हणजे व्यवसाय किमान चारशे वर्षांचा. ही माणसं आली तेव्हा डोंगरउतारावर मूळची कुळं होती. त्यांना आजही जमिनीचे धनी मानतात. वुजो हे त्यातलं प्रमुख कूळ.

त्यांचा मान नुसता तोंडदेखला नाही. हंगामाच्या तोंडावर वुजो कुळातली माणसं डोंगरावर चढून व्हेलच्या आकाराच्या एका शिळेपाशी विधी करतात. डोंगरावरून व्हेलना समुद्रात बोलावतात अशी ही कल्पना. या मोबदल्यात गावात येणाऱ्या स्पर्म व्हेलच्या डोक्याकडचा ठरलेला भाग जमिनीच्या धन्यांचा. ते होडीवर पाऊल ठेवोत न ठेवोत. नीट पाहिलं तर हे भाडंच आहे. पाहुण्यांनी मूळ मालकांची जमीन वापरली, किनारा वापरला, त्याचा खंड ते समुद्रातून भरतात. या व्यवस्थेतली ही आम्हाला सर्वांत शहाणी वाटणारी गोष्ट. जमिनीचा जुना हक्क विकत घेऊन संपवलेला नाही की बळानं पुसलेला नाही. तो दर व्हेलमागे नव्यानं मान्य केला जातो.

होडी: जिचं लाकूड बदलतं, नाव बदलत नाही

गावातली सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे पेलेडांग. गावच्या बोलीत तिला तेना म्हणतात. लांबी साधारण दहा ते बारा मीटर, दोन्ही बाजूंना तोल राखणारी बांबूची छोटी उलांडी, दोन पायांची डोलकाठी आणि गेबांग नावाच्या ताडाच्या पानांचं विणलेलं चौकोनी शीड. सांगाड्यात लोखंडी खिळा एकही नाही. फळ्या वाफवून वाकवत नाहीत, लाकडातूनच हव्या त्या वळणात कोरून काढतात. एका फळीच्या कडेला भोकं पाडून लाकडी खुंट्या बसवायच्या, वरची फळी त्यावर ठोकायची, सांधा झाडाच्या तंतूंनी बुजवायचा. फळी कोरतानाच आतल्या बाजूला लाकडाचे उंचवटे राखून ठेवतात. आधी अशा फळ्यांचं पूर्ण कवच उभं करतात आणि मग आतून आडव्या वाकणांची फासळी बसवून ती त्या उंचवट्यांना वेतानं बांधतात.

अशी बांधणी करण्यामागे कारण आहे. व्हेलची शेपटी फळीवर आपटली की खिळ्यांनी जखडलेली होडी खिळ्यापाशी फाटते. बांधलेली होडी दबते, करकरते, सांध्यातून पाणी घेते, पण बहुतेकदा तरते. दुसरा फायदा दुरुस्तीचा. फळ्यांचा क्रम आणि प्रत्येक फळीची जागा पिढ्यानपिढ्या ठरलेली असल्यामुळे कुजलेली एकच फळी काढून तिच्या मापाची नवी घालता येते. प्रासो सापांग, केबाको पुका अशी नावं बापाकडून मुलाकडे येतात. त्या नावाच्या होडीतली मूळची एकही फळी शिल्लक नसेल, पण होडी तीच. मालमत्ता लाकडात नाही, नावात आहे.

प्रत्येक तेना एका कुळाची किंवा त्याच्या एखाद्या शाखेची. तिला एक कारभारी असतो, तेना आलेप. त्याच्याभोवती वाटेकरी, उमा आलेप. हा वाटा वारशानं येतो. त्याबरोबर ओझंही येतं: शिडासाठी पानं, दोरासाठी सूत, दुरुस्तीच्या दिवसांत हातभार, सुतारांच्या जेवणाची सोय. होडी किनाऱ्यावरच्या गवताच्या छपराखाली, आपापल्या नाजेमध्ये, उभी असते. वाळूच्या अरुंद पट्टीवर अशा नाजे एकीला एक लागून आहेत. दुपारी जाळी सांधणारे, दोर वळणारे, गप्पा मारणारे सगळे तिथंच. गावाचा पार म्हणजे ही नाजेंची रांग.

दोराबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. मुख्य हार्पूनचा दोर, लेओ, कापसाचं सूत, गेबांगच्या पानांचे तंतू आणि झाडाची साल यांचा पीळ देऊन करतात आणि सालीच्या अर्कात मुरवतात. हा दोर किनाऱ्यावर होडीत पडून राहत नाही. तो कुळाच्या मोठ्या घरात असतो, समुद्रावर जाताना होडीत येतो आणि परतल्यावर पुन्हा घरी जातो. फळी तुटली तर होडी परत येते. लेओ मध्येच तुटला तर व्हेलही जातो, दोरही जातो आणि सोबत हार्पूनचं लोखंडी पातंही.

समुद्रावर

मुख्य हंगाम, लेफा, मे ते ऑक्टोबर. ३० एप्रिलच्या संध्याकाळी समुद्रात जीव गमावलेल्यांसाठी किनाऱ्यावर प्रार्थना होते, मेणबत्त्या लागतात. १ मे रोजी मिस्सा होऊन होड्यांना आशीर्वाद मिळतो. गाव कॅथलिक आहे. पहिले बाप्तिस्मे १८८६ मधले. डोंगरावरची शिळा आणि किनाऱ्यावरची वेदी एकाच आठवड्यात आपापलं काम करतात. प्रार्थनेत आवर्जून उल्लेख येतो तो विधवा आणि पोरक्या मुलांचा: त्यांच्या चुलीसाठी मासा दे.

हंगामाबाहेर कोणाला फवारा दिसला तर ‘बालेओ!’ अशी आरोळी उठते आणि घराघरातून पुढं जाते. शब्द पोर्तुगीज वळणाचा. होडीवर आठ ते चौदा माणसं. नाळेपुढं बांबूचा मचाण काढलेला असतो, त्यावर लामाफा म्हणजे हार्पून मारणारा. त्याच्यामागे दोर आणि भाले हाताशी देणारा मदतनीस, शेवटी सुकाणूवाला, बाकीचे वल्ह्यांवर. जवळ गेल्यावर शीड आणि डोलकाठी खाली घेतात. लामाफा चारेक मीटर लांबीचा बांबू घेऊन नुसता फेकत नाही, तो बांबूसकट उडी मारतो. हाताच्या जोरानं पातं चरबीत पुरेसं रुतत नाही, अंगाचं वजन मागे लागतं.

त्यानंतरची पहिली काही मिनिटं सर्वांत घातक. दोर सुसाट सुटतो. त्याच्या वेटोळ्यात पाय किंवा हात सापडला तर माणूस दोरासोबत जातो. कडेवर घासणाऱ्या दोरावर पाणी ओतत राहावं लागतं. व्हेल सरळ खाली गेला तर होडीचं नाक पाण्याखाली ओढलं जाण्याची भीती, तेव्हा दोर सोडायचा की धरायचा हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. आडवा पळाला तर होडी तासन्‌तास त्याच्यामागे, दक्षिणेला तिमोरच्या दिशेनं. मार्च १९९४ मध्ये असंच झालं. व्हेलनं होड्या भर समुद्रात ओढून नेल्या. केबाको पुका गेली. माणसं एका पर्यटक जहाजाला सापडली म्हणून वाचली. अशी होडी गेली की गावात माणसासारखं सुतक पाळतात.

निळ्या व्हेलला मात्र हात लावत नाहीत. पूर्वजांना त्यानं समुद्रात वाचवलं अशी श्रद्धा आहे.

हंगाम सुना गेला, दोर तुटत राहिला, नेम चुकत राहिला, तर कारण आधी घरात शोधतात. लामाफाच्या घरी भांडण आहे का? वाटेकऱ्यांत वाद मिटायचा राहिला आहे का? मग माणसं एकत्र बसून तो मिटवतात. बाहेरून हा भाबडेपणा वाटेल. पण चौदा माणसांचा जीव एका दोरावर असताना त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नसतील तर काय होतं, हे वल्हवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

चऱ्यांमधले हक्क

स्पर्म व्हेलचा मोठा नर सोळा मीटरपर्यंत आणि चाळीस टनांवर जातो, मादी साधारण अकरा मीटर आणि पंधरा टनांच्या आसपास. व्हेल रात्री किनाऱ्याला लागला तर उथळ पाण्यात बांधून ठेवतात आणि सकाळी ओहोटी बघून कापतात. उशीर परवडत नाही. जाड चरबीखाली शरीराची उष्णता कोंडलेली असते आणि मांस आतून बिघडायला लागतं.

हक्कांचे पदर असे. पहिला जमिनीच्या धन्यांचा, डोक्याकडून. दुसरा होडीच्या वाटेकऱ्यांचा. यात एखाद्या वाटेकऱ्याच्या घरातलं त्या दिवशी कोणी समुद्रावर गेलेलंच नसलं तरी चालतं. त्यांचा वाटा होडीला बांधलेला आहे, हजेरीला नाही. तिसरा त्या दिवशी प्रत्यक्ष होडीवर असलेल्या खलाशांचा. हा फक्त हजेरीचा, वारशाचा नाही. लामाफाचा हिस्सा वेगळा. चौथा कारागिरांचा: होडीचा सुतार, शीड विणणारा, हार्पूनची पाती घडवणारा लोहार. कामाची रोख मजुरी नाही, प्रत्येक व्हेलमधून हिस्सा. मराठी वाचकाला बलुत्याची पद्धत आठवेल, आणि तुलना बऱ्यापैकी चपखल आहे. फरक इतकाच की खळ्यावरच्या धान्याचा अंदाज आधी येतो. इथं काही वर्षी व्हेल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात, आणि मग सुतारानं केलेल्या कामाचा मोबदलाही समुद्रातच राहतो.

एकाच माणसाकडे दोन-तीन नात्यांनी वाटे येऊ शकतात. सुतार वल्हवायलाही गेला आणि तो वाटेकरीही असला, तर तिन्ही त्याचे. दोन होड्यांनी मिळून व्हेल मारला असेल तर आधी होड्यांमध्ये वाटणी आणि मग प्रत्येकीच्या आत वरचीच पद्धत. शार्क किंवा मांटा रे (पंखांसारखा पसरलेला चपटा मासा) यांसारख्या लहान शिकारीचे नियम वेगळे आणि सोपे आहेत.

किनाऱ्यावरची ही वाटणी पुरुषांची. घरी पोचल्यावर दुसरी सुरू होते, ती बायकांची. दीर, नणंद, शेजारीण, जिच्या घरातला पुरुष यंदा आजारी पडला ती, जिच्या नवऱ्याचा समुद्रात जीव गेला ती. कच्च्या मांसाचे तुकडे पाटीतून घरोघर जातात. ही वाटणी कोणी चरे ओढून ठरवत नाही, पण ती चुकवली तर गाव विसरत नाही. आम्हाला विचाराल तर गावाचा खरा विमा हा आहे. आज ज्या घरानं दिलं त्याला पुढच्या रिकाम्या महिन्यात मिळतं.

उरलेल्याचे लांब पट्टे करून बांबूच्या मांडवांवर उन्हात टांगतात. चरबीच्या पट्ट्यांतून तेल ठिबकतं, ते खाली भांडी लावून गोळा करतात. दिव्याला आणि स्वयंपाकाला ते चालतं. काही दिवसांत पट्टे काळे, कडक होतात. पाऊस आला तर कुजतात, म्हणून आभाळाकडे एक डोळा सतत लागलेला.

मक्याचं कणीस हेच चलन

वाळलेलं मांस पोट भरण्यासाठी पुरत नाही, त्याला धान्य लागतं. ते डोंगरातल्या गावांकडे आहे. बायका डोक्यावर पाटी घेऊन पायवाटेनं वर जातात किंवा शनिवारी पूर्वेकडच्या वुलांडोनीच्या बाजारात. पाटीत मांस, सुके मासे, समुद्राचं पाणी उकळून काढलेलं मीठ, पानात खायचा चुना. बाजारात आधी कर गोळा होतो, मग शिट्टी वाजते. शिट्टीपूर्वी देवाणघेवाण करायची नाही.

दर बारांच्या पटीत. वाळलेल्या मांसाच्या एका पट्टीला मक्याची बारा कणसं, किंवा बारा केळी, किंवा बारा सुपाऱ्या. सहाचा एक गट, त्याला मुंगा म्हणतात, म्हणजे एक पट्टी दोन मुंगा. हिशेब करून पाहू. पाटीत पाच पट्ट्या नेल्या तर साठ कणसं, दहा मुंगा. सहा माणसांच्या घरात रोज सहा कणसं उकडली तर दहा दिवस. कागदावर हे सोपं आहे, पण पट्टीची जाडी, मक्याचा दाणा, दोघींची जुनी ओळख यावर घासाघीस होते. दर मात्र बाराच राहतो. रुपियाची किंमत वरखाली होते, या दराला त्याची झळ लागत नाही. डोंगरातल्या बाईला मीठ आणि मांस हवं, किनाऱ्यावरच्या बाईला मका, आणि दोघींकडे रोकड कमी. बाजार टिकला तो या गरजेवर.

कोठीतली मालमत्ता

न खाल्ली जाणारी मालमत्ताही आहे. ‘लामाहोलोत’ ही इथली भाषा बोलणाऱ्यांच्या साऱ्या मुलखाप्रमाणे इथंही वधूमूल्य म्हणून हस्तिदंत लागतं. बेटावर हत्ती नाही, हे दात जुन्या व्यापारातून आलेले. ते वधूच्या माहेरी जातात आणि बदल्यात हातानं कातलेल्या, रंगवलेल्या सुताचं इकत कापड येतं. मुली देणारी कुळं आणि करणारी कुळं ठरलेली असतात. मुलगी देणारी बाजू मानानं वरची. म्हणून एकच दात घराघरांतून फिरत राहतो आणि कोणाच्याच घरी कायमचा थांबत नाही. या बेटांच्या कापडांवर गुजरातेतल्या पाटोळ्याची छाप आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तो पाटोळा इथं अत्यंत मानाचा माल होता. लामालेराच्या कापडावर मात्र होडी, मांटा आणि व्हेलही विणलेले दिसतात.

जॉनसन आल्यावर

शिकारीच्या पद्धतीत बदल घडवण्याचा एक प्रयत्न १९७० च्या दशकात झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं एका नॉर्वेजियन व्हेल-शिकाऱ्याला पाठवलं. प्रयोग रुजला नाही, गाव आपल्या पेलेडांगकडे परतलं. जाळी आणि त्यामागून बाहेर लावायचं इंजिन मात्र टिकलं. अशा इंजिनाच्या छोट्या होडीला गावात सरळ जॉनसन म्हणतात, ब्रँडच्या नावावरून.

जॉनसननं वल्हवण्याचे तास वाचवले आणि माणसं भर समुद्रात हरवण्याचा धोका कमी केला, यात शंका नाही. अडचण वाट्यांची झाली. पेलेडांगला पानं, सूत, लाकूड आणि अंगमेहनत लागते, आणि ती वाटेकऱ्यांकडे असते. जॉनसनला पेट्रोल आणि सुटे भाग लागतात, ते रोकड मागतात. रोकड असते ती ज्याचा मुलगा बाहेर नोकरीला आहे त्याच्याकडे. म्हणजे इंजिन एका घराचं होतं, कुळाचं नाही. इंजिनाला हिस्सा काढला तर तो कोणाच्या चऱ्यातून काढायचा? शीड विणणाऱ्याचा हिस्सा शीड उघडलंच नाही तरी द्यायचा का? दोन-तीन माणसांत जॉनसन चालते, मग उरलेल्या आठ-दहा वल्हेकऱ्यांची हजेरी कुठं लागायची?

गावानं काढलेला मार्ग मधला आहे. मांटा, शार्क, डॉल्फिन जॉनसनवरून. स्पर्म व्हेल दिसला तर जॉनसननं पेलेडांग ओढत न्यायची, आणि हार्पून मारायचा तो पेलेडांगवरून. ओढण्याचा हिस्सा निघतो, पण होडीचे, कारागिरांचे आणि धन्यांचे चरे जागच्या जागी राहतात. वेगासाठी इंजिन घेतलं आणि हक्कासाठी होडी राखली. पण ही तडजोड दरवेळी माणसांनी पाळावी लागते. एकट्या जॉनसनला मोठी शिकार समोर दिसली की ती मोडण्याचा मोह होतोच.

दुसरा ताण कायद्याचा. इंडोनेशियात व्हेल आणि डॉल्फिन संरक्षित आहेत. २०१४ पासून मांटाही पूर्ण संरक्षित. देश आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाचा सदस्य नाही. सावू समुद्रात राष्ट्रीय सागरी उद्यान झालं तेव्हा गावाच्या विरोधानंतर लेम्बाताचा किनारा त्यातून वगळला गेला. स्पर्म व्हेलची जगातली संख्या चिंतेची आहे. तिचं कारण यांत्रिक जहाजांनी विसाव्या शतकात केलेली कत्तल आहे, ताडाच्या पानाचं शीड नाही. तरी मांटाच्या बाबतीत आम्ही गावाच्या बाजूनं डोळे मिटून उभे राहणार नाही. मांटा फार सावकाश वाढतो, दोन-तीन वर्षांत एखादं पिल्लू देतो, आणि जॉनसन त्याला पेलेडांगपेक्षा कितीतरी सहज गाठते. जो नियम व्हेलसाठी केला, तसाच मांटासाठीही करण्याची क्षमता या गावात आहे. कारण हद्दी ओढायची आणि सगळ्यांसमोर पाळायची सवय त्यांना आहे.

संध्याकाळी होड्या लाकडी ओंडक्यांवरून वर ओढून नाजेमध्ये जातात. वल्ही भिंतीला, शीड गुंडाळून आडव्या वाशावर. लेओ खांद्यावर घेऊन एकजण कुळाच्या घराकडे चढण चढू लागतो.